फक्त चालवून पाहण्यासाठी

मित्रांनो, मला कोणी जुनी म्हटलेलं आवडत नाही, पण खोटं तरी किती बोलणार? मी एक जुनी घडीची सायकल आहे. माझा रंग हिरवा, चाकं लहान आणि स्वभाव जळका. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला दिसतीलच. तिसरी मी आपण होऊन सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून कळली तर ते तिखटमीठ लावून सांगतील.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे नळ्या कापल्या जात, घासल्या जात आणि एकमेकींना जोडल्या जात. साध्या सायकलीचा कणा सरळसोट असतो. आमच्या कण्याच्या मधोमध बिजागरी असते. माझी बिजागरी एका वेल्डरबाईने जोडली. जोड थंड झाल्यावर तिने तो उघडून-मिटून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "ही घट्ट धरून राहील बघ." एवढं एकच कौतुक मी घेऊन निघाले. मग रंग चढला, चाकं आली, ब्रेक आले. शेवटी आम्हा सगळ्या बहिणींच्या घड्या घालून आम्हाला एकेका खोक्यात बसवलं. खोक्यात अंधार होता, पण सुख होतं. कोणी कोणाला दिसत नव्हतं, त्यामुळे हेवाही नव्हता.

आमची खोकी एका सायकलच्या दुकानात उतरली. दुकानाचे मालक अंगाने भरलेले, चष्मा गळ्यात अडकवून तो शोधत फिरणारे आणि दिवसभर बोलणारे. त्यांची एक पद्धत होती. नव्या मालातली एक सायकल उघडायची आणि तिच्या हँडलला पाटी बांधायची, 'फक्त चालवून पाहण्यासाठी'. गिऱ्हाइकाने तिच्यावर बसून चक्कर मारायची, घडी घालायला शिकायची, आणि आवडली तर मालकांनी आतलं बंद खोकं आणून द्यायचं. कोणती उघडावी याचा त्यांनी काही विचार केला नाही. माझं खोकं सगळ्यांत वर होतं, बस्स.

मला मात्र वाटलं, माझी निवड झाली. मी अशी फुशारले की विचारू नका. पहिल्याच दिवशी एक परिचारिका आली. तिने मला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत नेलं, परत आणलं आणि टाळी वाजवून म्हणाली, "हीच हवी!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मालक आत गेले आणि खोकं घेऊन आले. त्या खोक्यात माझी बहीण होती. परिचारिका तिला घेऊन निघून गेली, आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही. गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर हेच चालू राहिलं. माझ्यावर बसून लोक शिकले आणि माझ्या बहिणींना घेऊन गेले. शिकतानाचे हाल काय सांगू? कोणी खटका न उघडताच माझी कंबर मोडायला निघे. कोणी सीट खाली न करता घडी घाली आणि मग "ही तर पसरतेय!" म्हणून मलाच नावं ठेवी. बोट चेंगरलं की शिव्या मला. घडी नीट बसली की शाबासकी स्वतःला.

सगळ्यात वाईट म्हणजे बहिणी तेल-पाण्यासाठी दुकानात यायच्या तेव्हा. एकीला घंटी लावलेली असे, एकीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना पिशव्या. एकीच्या मडगार्डवर कुठल्याशा घाटातली लाल माती होती आणि तिच्या नळीवर लांब ओरखडा होता. त्या ओरखड्यासाठी मी माझा सगळा रंग देऊन टाकला असता. मी अजून औषधांच्या दुकानाच्या पुढचं जग पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस दुकानात उंची आली. हे नाव मी ठेवलेलं. तीही घडीची सायकल, पण चाकं मोठी, गिअर भरपूर, रंग चंदेरी. मालकांनी तिला काचेच्या दर्शनी भागात उभं केलं आणि मला हवा भरायच्या यंत्राजवळ ढकललं. तिचीही पाटी होती, पण छापील. माझा जळफळाट झाला. तिची घडी पाहिली तेव्हा कुठे जीव जरा थंड झाला. घडी कसली, अर्धवट मिटलेलं टेबल ते! पण लोकांना उभी असलेली दिसते ना, घडी कोण बघतो?

गल्ल्यावर मालकांची बायको बसत असे. एका दुपारी मालक तिला म्हणाले, "हिरवी फार घासली गं आता. मागे तिच्या जातीचं एकच खोकं उरलंय. ते गेलं की नवा माल मागवू, नवी उघडू आणि हिला खोलू. ब्रेक आहेत, चाकं आहेत, कामाला येतील."

"आणि बाकीची?" बायकोने विचारलं.

"बाकीची भंगारात."

म्हणजे माझा जीव आता त्या एका खोक्यात अडकला होता. ते जोवर विकलं जात नाही तोवर मी शाबूत. म्हणून गिऱ्हाइकांनी माझ्याऐवजी उंचीवर भाळावं, अशी प्रार्थना मी करायला हवी होती. जमेल तर शपथ! तिला कोणी हात लावला की माझं पोट दुखे. मी भंगारात गेले तरी चालेल, पण ती जिंकायला नको, असं मला वाटे. हेवा माणसाला आंधळं करतो म्हणतात. सायकलीलाही करतो.

अशातच ते जोडपं आलं. बाईंचं काम इमारतींच्या लिफ्ट तपासण्याचं. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांना मी मास्तर म्हणते. मास्तरांनी घडीच्या सायकलींबद्दल कित्येक महिने वाचन केलं होतं. कोणाचं वजन किती, कोणाची चाकं केवढी, कोणाची घडी कुठे मावते, सगळं तोंडपाठ आणि निर्णयाच्या नावाने शून्य.

"आम्हाला सायकल अशी हवी," मास्तर म्हणाले, "की रोज हिला कामावर नेता यावी आणि सुट्टीत लांबच्या प्रवासालाही चालावी."

मालक हसले. "म्हणजे जावई हवा तो चार पैसे कमावणारा, आणि वर घरात मुकाट कोपऱ्यात बसणारा!"

"कोपऱ्याचंच आधी बघा," बाई म्हणाल्या. "मला अर्धा रस्ता आगगाडीने जावं लागतं. खाली बांधून ठेवली तर सीट चोरीला जाते, दोनदा गेली. आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही."

"तुम्ही लिफ्टवाल्या आणि तुमच्याकडेच लिफ्ट नाही?"

"दिव्याखाली अंधार," बाई म्हणाल्या.

मास्तर सरळ उंचीकडे गेले, लोहचुंबकाने ओढल्यासारखे. "लांब जायचं तर मोठं चाक हवं. लहान चाकाला प्रत्येक खड्डा कळतो," असं ते म्हणाले. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच झोंबलं. बाई मात्र माझ्यासमोर खाली बसल्या. त्यांनी माझी बिजागरी उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि चक्क कान लावून ऐकली. इतकी माणसं माझ्यावर बसून गेली, पण कोणी मला ऐकलं नव्हतं.

दोघांचं एकमत होईना. शेवटी मालकच म्हणाले, "सुट्टी लागतेय ना? मग दोन्ही घेऊन जा आणि खरोखर प्रवास करून या. दुकानासमोर चक्कर मारून का कुठे संसार ठरतात?"

आणि मित्रांनो, मी पहिल्यांदाच औषधांच्या दुकानाच्या पुढे गेले!

घरी पोचल्यावर बाईंनी मला दिवाणखान्यात वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पाना घेऊन माझा एकेक नट आवळला. मग पिशवीतून पिवळ्या रंगाची छोटी बाटली काढली आणि प्रत्येक नटावरून बोल्टापर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढली. लिफ्टच्या यंत्रांवर त्या अशीच रेघ ओढतात. नट जरासा जरी ढिला होऊन फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. हे सगळं करताना त्या मास्तरांशी पिशव्यांत काय भरायचं याबद्दल बोलत होत्या. हाताकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. उंचीचेही नट त्यांनी आवळले, पण तेवढंच. मग बाटली बंद करून त्या स्वयंपाकघरात गेल्या. उंचीला रेघ मिळाली नाही एवढंच मी पाहिलं आणि खूश झाले.

प्रवासात मात्र ती खुशी टिकली नाही. नदीकाठच्या रस्त्याने निघालो. मास्तर उंचीवर, बाई माझ्यावर. उंची तूप लावल्यासारखी चालली होती. मास्तर शीळ घालत होते. मला प्रत्येक खड्डा कळत होता, आणि माझ्याकडून तो बाईंच्या पाठीला कळत होता. धरणाकडे जाणाऱ्या चढावर तर बाईंना उतरून मला हाताने ढकलावं लागलं. वर पोचलो तेव्हा तिथे फिरायला आलेली माणसं उंचीभोवती जमली होती. "काय देखणी आहे हो! ही मिटते? खरंच?" मास्तर घाम पुसत सांगत होते, जणू त्यांनीच ती घडवली होती. माझ्याकडे एका लहान मुलीने पाहिलं आणि आईला विचारलं, "ही हिचं पिल्लू का गं?" मी काय सांगू तुम्हाला! धरणाचं सगळं पाणी ओतलं असतं तरी माझी आग विझली नसती.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" मास्तर म्हणाले.

"म्हणत होतात खरे," बाई कंबर चोळत म्हणाल्या.

परतीचा प्रवास आगगाडीने होता. फलाटावर गर्दी होती. तिकीट तपासनीस दारातच उभे होते. "सायकलींची घडी घातली तरच आत," असं त्यांनी सांगितलं. बाईंनी माझं हँडल पाडलं, कंबर मिटवली, सीट खाली केली, आणि मी त्यांच्या गुडघ्याशी सूटकेससारखी उभी राहिले. मास्तर उंचीशी झोंबत होते. एकदा हँडल आडवं आलं, एकदा पॅडल. शेवटी तिची घडी झाली, पण ती दारातून आत जाईना.

तपासनीसांनी तिला वरून खालून न्याहाळलं. "साहेब, हे सामान नाही. हे फर्निचर आहे."

"अहो, पण हिची घडी होते!" मास्तर म्हणाले.

"घडी माझ्या पलंगाचीही होते. म्हणून मी तो गाडीत आणतो का?"

शिट्टी झाली. "तू जा गं, मी येतो रस्त्याने," मास्तर ओरडले. गाडी सुटली. फलाटावर ते आणि उंची लहान लहान होत गेले. बाई खिडकीशी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मला हसता येत नाही, पण माझी चेन खुळखुळली.

मास्तर संध्याकाळी पोचले. मग उंचीला पुन्हा चार मजले चढवणं आलं. प्रत्येक जिन्यावर ती आडवी होई, आणि शेजाऱ्यांना आपल्याच घराबाहेर खोळंबून राहावं लागे. वर आल्यावर मास्तर खुर्चीत कोसळले आणि म्हणाले, "लहानच घेऊ. बायको गाडीत आणि नवरा रस्त्यावर, हे काही सहलीचं लक्षण नव्हे."

मी जिंकले! उंचीला चारीमुंड्या चीत केलं! त्या आनंदात मी इतकी बुडाले होते की आपण काय जिंकलो हे मला दुकानात पोचेपर्यंत सुचलं नाही.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "खड्ड्यांचं मी बघतो. जाड टायर बसवून देतो, दणके कमी लागतील. मागचं दातेरी चक्र बदललं की चढही सोपा जाईल. रोजचं आणि लांबचं, दोन्ही निभेल." मग ते आत गेले आणि शेवटचं खोकं घेऊन आले.

त्यांनी चिकटपट्टी कापली. ती बाहेर आली. माझाच रंग, माझीच चाकं, माझीच बिजागरी, पण सगळं लखलखीत. तिच्या सीटवर अजून कोणी बसलं नव्हतं. खड्डे मी खाल्ले, चढावर मी रखडले, आगगाडीत मी मिटले, आणि चौथ्या मजल्यावर राहायला जाणार ती! आयत्या बिळावर नागोबा! उंचीचा मी हेवा केला होता, तो या हेव्यापुढे काहीच नव्हता. उंची निदान परकी होती. ही माझी सख्खी बहीण होती.

"ही जुनी ठेवतो बाजूला," मालक म्हणाले. "उद्या खोलायचीच आहे."

"खोलायची म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"सुटे भाग काढायचे." मालक मला उचलायला वाकले आणि थबकले. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे काय ताई? सायकल रंगवलीत की!"

बाई ओशाळल्या. "अगं बाई! माफ करा हं. हाताची सवय हो, लक्षातच आलं नाही. पुसून देते."

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "लिफ्टमध्ये ही रेघ तू केव्हा ओढतेस?"

"तपासून झाल्यावर."

"दिसेल त्या लिफ्टला?"

"छे! माझ्या ताब्यातल्या लिफ्टलाच. रेघ ओढली म्हणजे इथून पुढे ती माझ्या जबाबदारीवर. दुसऱ्याच्या यंत्रावर ओढली तर नोकरी जाईल माझी."

"मग त्या मोठीचेही नट आवळलेस, तिला का नाही ओढलीस?"

बाईंनी मान वळवली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी महिनोन्‌महिने वाचत बसलो," मास्तर म्हणाले, "आणि तुझ्या हाताने पहिल्याच संध्याकाळी निवडून टाकली."

"पण आमच्या कामात वापरलेला भाग पुन्हा बसवत नाहीत," बाई पुटपुटल्या.

"अगं, ती लिफ्ट. हिचा काय दोर तुटणार आहे?"

बाई खाली बसल्या. त्यांनी माझ्या सगळ्या रेघा बोटाने चाचपल्या. बिजागरीच्या, हँडलच्या, चाकांच्या. एवढ्या खड्ड्यांतून आल्यावर एखादी रेघ तुटलेली निघाली असती तर माझं काही खरं नव्हतं.

"एकही हललेली नाही," त्या उठत म्हणाल्या. "हीच द्या."

"अहो ताई, नवीकोरी समोर असताना?" मालकांना पटेना. "ही घासलीय, रंग उडालाय."

"नवीला काय दुखेल ते मला माहीत नाही. हिला काय दुखतं ते माहीत झालंय."

मालकांनी मान हलवली. त्यांनी माझ्या हँडलची पाटी सोडली आणि, दुकानात चालवून पाहायला एक तरी असावी म्हणून, ती त्या नवीकोरीच्या हँडलला बांधली.

आता मी चौथ्या मजल्यावर दाराशेजारी राहते. जाड टायर मला शोभतात, असं मास्तर म्हणतात. रोज सकाळी मी आगगाडीत बाईंच्या गुडघ्याशी उभी राहते. उंच इमारतींत लिफ्टने वर जाते, यंत्राच्या खोलीत भिंतीला टेकून बाईंचं काम बघते. सुट्ट्यांत आम्ही नदीच्या मुखापर्यंत जाऊन आलो. माझ्या नळीवर आता माझा स्वतःचा ओरखडा आहे. तरी स्वभाव गेला असेल तर शपथ. बाई छत्री काखेत घेऊन निघाल्या की मला छत्रीचा हेवा वाटतो. मास्तर पुन्हा काहीबाही वाचायला लागलेत, त्यांना स्वतःसाठी घडीची घ्यायची आहे. कोणती येते ते बघू. येईल तिला मी चांगलं वागवीन, असं काही वचन देत नाही.

परवाच ब्रेकची तार बदलायला आम्ही त्या दुकानात गेलो होतो. दाराशीच माझी ती शेवटची बहीण उभी होती, पाटी बांधलेली. तिला कोणीतरी चिखलातून फिरवून आणलं होतं आणि घडी अर्धवट टाकून भिंतीला लावून ठेवलं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. तेवढ्यात दोन कॉलेजच्या मुली आल्या, त्यांनी तिला उघडलं, एक चक्कर मारली. "काय गोड आहे!" म्हणाल्या आणि निघून गेल्या. लगेच माझं पोट दुखायला लागलं.

माझी तार बसली. बाईंनी पिशवीतून फडकं काढलं. मला वाटलं, माझ्यासाठी. पण त्या वाकल्या त्या तिच्यासमोर. चाकांवरचा चिखल पुसला, चेन पुसली, बिजागरीत अडकलेला खडा काढला आणि घडी नीट घालून खटका लावला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या बाई, माझं फडकं!

"अहो ताई," मालक आतून हसत म्हणाले, "ती तुमची नव्हे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या फडक्यावरून मी अजूनही धुसफुसते आहे, ते लपवत नाही. पण त्या रात्री... नाही, त्या वाटेवरच मला आठवलं की पाटी लावून उभी होते तेव्हा माझ्यावर शेकड्यांनी माणसं बसली आणि माझं कौतुक करून गेली, पण जाताना मला कोणी पुसलं नव्हतं. म्हणून एवढंच सांगते. सायकल घ्यायची असेल तेव्हा हव्या तितक्या चालवून बघा, मिटवून बघा, उचलून जिना चढून बघा. तुमची होईल तिला तुम्ही जपालच. जी तुमची होणार नाही, तिलाही जाण्याआधी एकदा पुसून ठेवा.